पितळेची पट्टी

१

मामांनी जन्मभर वायरिंग केलं ते जमिनीवरच्या घरांचं. बंगले, दुकानं, दवाखाने, एक थिएटर आणि एकदा तर तुरुंगसुद्धा. “बाहेर आलो हे नशीब,” असं ते त्यावर हमखास म्हणायचे आणि समोरच्याने हसावं म्हणून थांबायचे. पाण्यावर तरंगणारं घर त्यांच्या वाट्याला आलं ते अगदी उतारवयात, हृदयाचं ऑपरेशन झाल्यावर, आणि तेही भाचीच्या कृपेने.

ऑपरेशननंतर मामांचा उजवा हात थरथरायला लागला होता. फार नाही, कप बशीत वाजावा एवढाच. पण वायरमनचाच हात थरथरतो म्हटल्यावर काम देणार कोण? ज्यांच्या घरात मामांनी आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांचे दिवे लावले, तेच लोक आता म्हणायला लागले, “आराम करा हो मामा.” आराम! त्या शब्दाने मामांच्या डोक्यात तिडीक जायची. दिवसभर खिडकीत बसून समोरच्या इमारतीवरच्या लोंबत्या वायरी बघायच्या आणि मनातल्या मनात त्या नीट करायच्या, एवढंच काम उरलं होतं.

अशात एक दिवस भाची आली. सातवा महिना लागलेला, जिने चढून धाप लागलेली. आल्या आल्या म्हणाली, “मामा, आमच्या बोटीचं सगळं वायरिंग कुजलंय. नवं करायचंय. आणि दुसऱ्या कोणाला मी हात लावू देणार नाही. कधी येतोस?”

“बघतो. वेळ काढावा लागेल,” मामा ऐटीत म्हणाले. आणि दिवस मावळायच्या आत हत्यारांची पिशवी भरून, चष्मा पुसून, दारात तयार. त्या एका वाक्याचे उपकार ते मरेपर्यंत विसरणार नव्हते.

बोट शिडाची होती आणि भाचीपेक्षा वयाने मोठी होती. भाचीच्या नवऱ्याने तिचं नावच म्हातारी ठेवलं होतं. तो गडी तलावाच्या या काठावरून त्या काठावर फेरीबोट चालवायचा, सकाळी जायचा तो दिवेलागणीला यायचा. दोघं संसार करत होती ती म्हातारीच्या पोटातल्या त्या चिमुकल्या केबिनमध्ये. एका बाजूला ओटा, मध्ये घडीचं टेबल, पुढे झोपायची जागा, आणि पायाखाली लाकडी फळ्या. फळ्या उचलल्या की बोटीचा तळ दिसायचा आणि त्यात थोडं झिरपलेलं पाणी. सगळ्याच जुन्या बोटींत असतं म्हणे.

विजेची व्यवस्था अशी, की जेट्टीवर प्रत्येक बोटीपाशी एक खांब. खांबापासून जाड केबल निघायची ती बोटीच्या कडेला बसवलेल्या सॉकेटात, आणि तिथून आत बोर्डाला. मामांनी तो सॉकेट उघडला आणि कपाळाला हात लावला. आतली पितळ काळी ठिक्कर, प्लास्टिक वितळून ओघळलेलं, वायरीवरचं रबर हात लावताच बिस्किटासारखं तुटत होतं.

“अगं, तुम्ही दोघं जिवंत कशी?” मामा म्हणाले.

“म्हणून तर तुला आणला ना,” भाची म्हणाली आणि टॉवेल घेऊन मागच्या बाजूला निघाली. पाठदुखीसाठी डॉक्टरांनी तिला पोहायला सांगितलं होतं. ऊन तापलं की ती बोटीच्या मागची स्टीलची शिडी उतरून तलावाच्या पाण्यात जायची, एक हात शिडीला धरून उताणी तरंगत पडायची, पोट पाण्याच्या वर. “हा आतला प्राणी फक्त पाण्यात शांत बसतो,” असं तिचं म्हणणं.

मामांचं काम झकास चाललं. नवा सॉकेट, नवी केबल, नवा बोर्ड. बोट पुढे ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पंख्याचं पातं, त्याचा दांडा, मागची शिडी, जे जे म्हणून धातूचं होतं ते सगळं त्यांनी जाड हिरव्या वायरीने अर्थिंगला जोडलं. हात थरथरत होता, पण स्क्रूड्रायव्हर धरला की थांबायचा. आणि शेवटी त्यांनी बोर्डात आपली ती पट्टी बसवली. न्यूट्रल, म्हणजे विजेची परतीची वायर, एकीकडे, अर्थिंग दुसरीकडे, आणि दोघांना जोडणारी बोटाएवढी पितळेची पट्टी. मामांच्या गुरूने शिकवलं होतं, ही जोडली की गळकी वीज आल्या वाटेने परत जाते, फ्यूज उडतो, माणूस वाचतो. प्रत्येक घराच्या मुख्य बोर्डात मामांनी ती स्वतः कापून, घासून बसवली होती, आणि त्यांच्या एकाही घरात कधी कोणाला झटका बसला नव्हता. काम संपवून त्यांनी बोर्डाचं दार लावलं, भाचीने झाकून ठेवलेलं जेवण जेवले आणि बाकावर जरा आडवे झाले.

२

उठले तेव्हा भाची अजून पाण्यातच होती. तिचं गुणगुणणं ऐकू येत होतं. मामांनी बोर्ड पुन्हा एकदा डोळे भरून बघावा म्हणून उघडला. पट्टी नव्हती.

ती टेबलावर होती. टेबलाच्या कडेला समांतर ठेवलेली, आणि तिच्याखाली पाण्याचा एक छोटा डाग.

“काय गं,” मामांनी वर डोकं काढून हाक मारली, “बोर्ड उघडला होतास का तू?”

“मी? मामा, मला स्क्रूड्रायव्हर आणि सांडशी यातला फरक कळत नाही!”

“मग कोणी आलं होतं का?”

“आलं असतं तर मी इथूनच बघितलं असतं की. का रे?”

“काही नाही,” मामा म्हणाले. “सहज.”

आत येऊन त्यांनी बोर्ड नीट न्याहाळला. पट्टीचे दोन्ही स्क्रू आपापल्या भोकांत परत बसवलेले होते. आता हे कोण करतं? सामान्य माणूस स्क्रू काढतो आणि कुठेतरी ठेवतो, मग घरभर शोधत बसतो. काढलेला स्क्रू लगेच ज्याच्या त्याच्या भोकात परत लावून ठेवायचा, ही खोड फक्त वायरमनची. आणि या बोटीवर वायरमन एकच होता.

म्हणजे काढली ती आपणच. काढली, ठेवली आणि विसरलो. ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणालेच होते की काही दिवस विसरायला होईल. मामा टेबलापाशी बसले. हात थरथरतो हे एक वेळ चालेल, पण डोकंच जागेवर नसेल तर? ज्या पोरीने विश्वासाने आपल्याला बोलावलं, जिच्या पोटात पोर आहे, तिच्या घरात वीज घालायची आणि काय घातलं तेच आठवत नसेल तर? त्यांनी पट्टी पुसली, परत बसवली आणि भाचीला यातलं अवाक्षर सांगितलं नाही.

३

दुसऱ्या दिवशी पट्टी टेबलावर नव्हती. मामांच्या चष्म्याच्या डबीत होती, चष्म्याखाली. बोर्डात स्क्रू आपापल्या भोकांत.

मग मामांनी शक्कल लढवली. भाचीकडून त्यांनी नखांना लावायचा लाल रंग मागून घेतला.

“आता या वयात?” भाची डोळे मोठे करून म्हणाली.

“कोणाला दाखवायचंय असं नाही, हौस असते एकेकाची,” मामा म्हणाले. त्यांनी स्क्रूच्या डोक्यावर रंगाचा थेंब सोडला, वाळू दिला, दार लावलं. आणि दारासमोर स्टूल टाकून बसले. आज हलायचंच नाही. आपणच काढत असू तर आपल्याला आपणच पकडू, असा त्यांचा साधा हिशेब.

दुपार टळटळीत होती. केबिनच्या गोल खिडक्यांतून पाण्याची चमक आत येत होती आणि छतावर हलत होती. भाची बाहेर तरंगत होती. मधूनच ती पाय हलवायची, तेवढाच आवाज. दोरखंड करकरत होते. बोटीच्या अंगावर बाहेरून पाणी टपटप आपटत होतं. मामांना आता हे सगळे आवाज ओळखीचे झाले होते, म्हणूनच त्यांच्यातला एक वेगळा आवाज त्यांना लगेच कळला.

कर्र. थांबून, कर्र. पितळेच्या स्क्रूने घट्ट बसलेल्या पितळेत पहिला वेढा सोडावा, तसा. तो आवाज त्यांनी आयुष्यात इतक्यांदा ऐकला होता की झोपेतही ओळखला असता. फक्त तो बोर्डातून येत नव्हता. पायाखालून येत होता.

लाकूड उन्हाने आकसतंय, मामांनी स्वतःला समजावलं. जुनी बोट आहे, कुरकुरणारच, म्हाताऱ्या माणसांची हाडं नाही का कुरकुरत? त्यांनी दारावरची नजर हलवली नाही. आवाज थांबला. मामांनी मनात देवाचं नाव घेतलं, नाही तरी ऑपरेशनपासून ते घ्यायची सवय झालीच होती, आणि दार उघडलं.

पट्टी नव्हती. लाल रंगाचे टवके बोर्डाच्या तळाशी सांडले होते.

आता बघा माणसाचं मन कसं असतं. मामांना पहिल्यांदा काय वाटलं असेल तर आनंद! डोकं शाबूत आहे, मी नाही काढली, मी तर इथे बसलो होतो! एवढं हलकं त्यांना ऑपरेशननंतर प्रथमच वाटलं. त्यांनी खरोखर हात जोडले. आणि हात जोडलेले असतानाच दुसरा विचार आला, की मी नाही, तर मग कोण?

त्यांनी गुडघे टेकले आणि मधली फळी उचलली. खाली तेच ते मळकट पाणी, मनगटभर. विजेरी मारली तरी तळ दिसेना. पट्टी इथेच पडली असणार, दुसरीकडे जाणार कुठे, असं म्हणत मामांनी बाही वर केली आणि हात घातला. पाणी गार होतं. बाहेर तलाव उन्हाने कोमट झालेला आणि हे पाणी असं गार की बोटं बधिर व्हावीत. त्यांनी हात इकडेतिकडे फिरवला. लाकूड, चिखल, लाकूड.

मग पट्टी हातात आली. सापडली असं म्हणता येणार नाही. कोणीतरी त्यांच्या तळहातावर ती ठेवली. आणि मग एक एक करून त्यांची बोटं तिच्यावर मिटवली, लहान मुलाच्या हातात खाऊ देताना मिटवतात तशी. नीट सांभाळ, हरवू नकोस, असं.

मामांनी हात बाहेर ओढला तो असा की कोपर फळीवर आपटून सोलवटलं. फळी त्यांनी पायानेच परत बसवली. नंतर बराच वेळ ते बोटीच्या टोकाला उन्हात बसून होते.

“मामा, घाम किती आलाय तुला!” भाची ओल्या केसांनी वर येत म्हणाली. “बास झालं आजचं काम. लिंबू पिळून देऊ का पाण्यात?”

“दे बाई,” मामा म्हणाले. तिने ग्लास आणून दिला आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून ती तशीच उभी राहिली. मामांना रडू फुटायचंच बाकी होतं. हिला काही होता कामा नये, एवढं एकच त्यांच्या मनात घट्ट झालं.

४

आता कोणी म्हणेल, एवढं झाल्यावर शहाण्या माणसाने काम सोडून द्यायला हवं होतं. पण मामांची बाजूही समजून घ्या. त्यांच्या लेखी ती पट्टी म्हणजे भाचीच्या जिवाची राखण. ती नसेल तर कुठे वीज गळली आणि पोरीचा ओला हात शिडीला लागला तर? बोटीच्या पोटात जे काही होतं, ते रोज नेमकी तीच काढत होतं. म्हणजे ते हिच्या जिवावर उठलं होतं! त्यात संशय घ्यायला जागाच नव्हती. मामांना भीती वाटत होतीच, पण भीतीपेक्षा संताप जास्त आला. तू कोण असशील तो अस, मनात म्हणाले, माझ्या पोरीच्या वाटेला जाऊ नकोस.

भाचीला किंवा तिच्या नवऱ्याला सांगायचा प्रश्नच नव्हता. सातव्या महिन्यात असलं काही कानावर घालायचं? आणि नवरा म्हणाला असता, “मामा, तुम्ही दमलात.” चांगला मुलगा, पण म्हणाला असता.

जेट्टीवरच्या विजेचं काम बघणारी वायरमन संध्याकाळी तपासणीला येणार होती. मामांनी सकाळीच गॅसवरचं सोल्डरिंगचं हत्यार पेटवलं आणि पट्टी दोन्ही बाजूंनी डाख लावून पक्की केली. आता काढ बघू! वर बोर्डाच्या दाराला कुलूप ठोकलं आणि किल्ली गळ्यात घातली. आणि ऊन चढल्यावर, भाची उकाड्याने हाशहुश करत पाण्यात उतरली तेव्हा, मामांनी ठरवलं की तपासणीच्या आधी आपणच एकदा वीज घेऊन बघायची. ती वर येईपर्यंत आत पंखा फिरत असला पाहिजे. किती खूश होईल!

त्यांनी बोटीच्या बॅटरीच्या चार्जरचं बटण चालू करून ठेवलं, केबलचं टोक घेतलं आणि जेट्टीवर उतरून खांबापाशी गेले. खांबाचं झाकण उघडलं. मागे वळून बघितलं तर भाची शिडीचा दांडा धरून उताणी तरंगत होती, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर ऊन. तिने डोळे न उघडताच विचारलं, “झालं का रे मामा?”

“झालंच!” मामा म्हणाले आणि प्लग खांबाला लावायला गेले.

प्लग पोचेना. वीतभर कमी पडला. केबल अडकली असेल म्हणून मामांनी ओढली. केबलने त्यांना ओढलं.

पहिल्यांदा हळूच, बजावल्यासारखं. मग जोरात. मामांनी दोन्ही हातांनी धरली, टाचा जेट्टीच्या फळ्यांत रोवल्या. “ए, कोण आहे रे?” ते ओरडले. केबल ताठ झाली, तिच्यावरचं पाणी थरथरून उडालं, आणि त्यांच्या तळहातांची सालं काढत ती निघाली. कोणीतरी एकामागून एक हात टाकत ती ओढत होतं, ठेक्यात, न थांबता, कामाची सवय असलेल्या माणसासारखं. प्लग जेट्टीवर आपटत, उड्या मारत गेला, बोटीच्या कडेवरून चढला आणि केबिनच्या दारातून आत नाहीसा झाला.

“मामा, काय पडलं?” भाचीने विचारलं.

“काही नाही! केबल निसटली!” त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला. ते धावले. छातीवरच्या टाक्यांची आठवण आली तरी धावले आणि पायऱ्या उतरून आत गेले.

उन्हातून आल्यामुळे क्षणभर काही दिसेना. मग केबल दिसली. टेबलाच्या पायाशी गुंडाळून ठेवली होती, ओली, एकावर एक सारखी वेटोळी, प्लग आत खोचलेला. बोर्डाला कुलूप तसंच होतं, पण दाराच्या फटीतून पाणी ठिबकत होतं. मामांनी गळ्यातली किल्ली काढून कुलूप उघडलं. आत पट्टी नव्हती. डाख उचकटून निघाला होता, उरलेल्या सोल्डरवर ओरखडे होते, बारीक बारीक, शेजारी शेजारी. हत्याराचे नव्हते. नखांचे होते.

मागे लाकूड किंचित वाजलं. मामा वळले.

मधली फळी उघडी होती आणि खाली जात होती. तिच्या कडेला आतून चार बोटं होती. पांढरी, फुगलेली, सुरकुतलेली, नखं उचकटलेली, पण रक्त नव्हतं. तर्जनीला काळी टेप गुंडाळली होती, वायर ओढताना सोलू नये म्हणून वायरमन गुंडाळतो तशी. मामांच्या स्वतःच्या तर्जनीला होती तशीच. बोटं फळीला धरून होती आणि ती हळूहळू, आवाज न करता खाली घेत होती. निजलेल्या पोराच्या खोलीचं दार लावावं इतक्या जपून. फळी बसली. बोटं दिसेनाशी झाली.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मेल्यावर तरी जाते का, हे कोणी सांगितलंय?

५

जेट्टीची वायरमन ऊन उतरल्यावर आली. वयाने मामांच्या मुलीसारखी, ठसठशीत, खांद्याला मीटरची पिशवी. तोवर मामा बाकावर बसून होते आणि नजर फळीवर होती. भाचीला त्यांनी वरच थांबवलं होतं, “आत पसारा आहे” म्हणून. पसारा कसला, हत्यारंसुद्धा आज कोणीतरी ओळीत लावली होती.

“काका, काम बाकी सुरेख केलंयत,” बोर्डात डोकं घालून ती म्हणाली. “वायरी बघा कशा बसवल्यात. आणि हे काय? इथे काही लावलं होतं का?”

“पट्टी होती,” मामा म्हणाले. “न्यूट्रल आणि अर्थिंगची.”

ती वळून त्यांच्याकडे बघायला लागली. “आणि काढलीत?”

मामांनी फळीकडे बघितलं.

“देवासारखे आहात काका. फार बरं केलंत.” तिने कपाळावरचा घाम पुसला. “घरांचं काम करणारे सगळे इथे ती हटकून लावतात. मीसुद्धा घरांचंच शिकले, मीसुद्धा लावली असती. घरात ती देवच. पण बोटीवर नाही. खांबाची वीज परत जाते ती खांबातूनच जायला हवी. इथे बोटीत जोडलं, की परतीची वीज तुमच्या त्या हिरव्या वायरीने खाली उतरते, पात्यातून, शिडीतून, थेट पाण्यात. आणि हे गोडं पाणी. त्यातून जाण्यापेक्षा माणसाच्या अंगातून जाणं तिला सोपं.”

“म्हणजे झटका?” मामांनी विचारलं.

“झटका बसला तर माणूस ओरडेल तरी. इथे नुसते हातपाय लुळे पडतात. हलता येत नाही, हाक मारता येत नाही. वरून बघणाऱ्याला वाटतं, काय छान तरंगतोय.”

डोळे मिटलेले, चेहऱ्यावर ऊन. मामांना तीच भाची दिसली. आणि खांबापाशी उभे असलेले आपण, हातात प्लग, वीतभर अंतर.

“काका? बसा, बसा. पाणी आणू का?”

“इथे,” मामा म्हणाले, “या बोटीवर कधी कोणी वायरमन...”

ती परत वळली. बोर्डाचे स्क्रू एकेक करून घट्ट करत राहिली, मग म्हणाली, “मी नवीन आहे हो इथे,” आणि मीटर पिशवीत टाकला. “चला, खांबाचं बटण टाकते. आता निर्धास्त राहा.”

ती वर गेल्यावर मामा फळीपाशी गेले. गुडघे टेकले. कपाळ लाकडाला टेकवलं. काय बोलायचं ते सुचेना. आयुष्यभर लोकांनी त्यांचे आभार मानले होते, त्यांना फक्त ‘असू द्या हो’ म्हणायची सवय. “दादा,” ते शेवटी म्हणाले, “मी तुला शिव्या घातल्या. आणि तू माझं घर वाचवलंस.” डोळ्यांतलं पाणी फळीवर पडलं आणि फटीतून खाली गेलं. खालून काहीच आवाज आला नाही. मग वर पंखा फिरायला लागला आणि भाची टाळ्या पिटत आत आली.

“मामा! तू आहेस म्हणून रे, तू आहेस म्हणून!” तिने त्यांना मिठी मारली. “आता एकदा पाण्यात जाऊन येते आणि मग चहा टाकते. दुपारी नीट झालंच नाही, तू ओरडायला लागलास.”

“थांब,” मामा म्हणाले. “आधी मी.”

“तू?”

“मी काम केलंय ना? मग आधी मी उतरणार.”

त्यांनी सदरा काढला. भाची हसत होती, तिला ही थट्टा वाटली. मामा स्टीलच्या शिडीवर पाठमोरे उतरले. घोटा, गुडघा, कंबर, छातीवरची लांब खूण. शिडी दोन्ही हातांत गच्च. वरती पंखा फिरत होता, चार्जरचा दिवा लागला होता, खांबातून वीज येत होती. झटका नाही. मुंग्यासुद्धा नाहीत. पण एवढ्याने भागणार नव्हतं. ती शिडी सोडूनही तरंगते, तेव्हा सोडूनही बघायला हवं. मामांना पोहता येत नव्हतं, पण तो विचार त्यांनी केला नाही. त्यांनी हात सोडले.

गळ्याशी पाणी आलं, हनुवटीशी आलं, आणि तिथेच थांबलं. तळपायांखाली काहीतरी आलं होतं. दोन तळहात, रुंद आणि गार, एकेका पायाखाली एकेक, बोटं टाचेमागून वर वळलेली. त्यांनी मामांना अलगद वर उचललं, छाती पाण्याबाहेर येईपर्यंत, आणि तसंच धरलं.

“मामा!” भाची वाकून बघत म्हणाली. “तू उभा आहेस? अरे, तिथे तळ लागत नाही कोणाला!”

“लागला मला,” मामा म्हणाले. त्यांनी खाली बघितलं नाही. पाणी स्वच्छ होतं, बघितलं असतं तर दिसलं असतं. “ये तू. काही होत नाही.”

ती शिडी उतरली, सुस्कारा टाकून उताणी झाली. तिचं पोट पाण्यावर आलं. “आई गं, किती बरं वाटतंय,” ती म्हणाली. “आज पाणी कसं उचलून धरतंय बघ.”

त्याच वेळी मामांच्या डाव्या तळपायाखालचा हात निघून गेला. तो कुठे गेला ते त्यांना कळलं. ते एका पायावर उभे राहिले, दात वाजत होते, डोळे भरून आले होते, आणि इतकी भीती आणि इतकी कृतज्ञता एकाच छातीत कशी मावते ते त्यांचं त्यांनाच समजत नव्हतं.

“धर, दादा,” ते ओठांतल्या ओठांत म्हणाले. “तिघांना धर. फक्त परत बोटीवर जायची वेळ झाली की सोड.”